‘फॉरमॅट कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, आधी कुठल्याशा कंपनीत वापरलेला जुना कॉम्प्युटर तुम्ही घेतलात. कंपनीचा अँटीव्हायरस त्यात तसाच आहे. तो अपडेट होत नाही, त्याच्यामुळे मशीन रडतखडत चालतं आणि अनइन्स्टॉल करायला गेलं की पासवर्ड मागतो. मी लिहिलं होतं की पासवर्डच्या मागे लागू नका, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. तुमचं म्हणणं असं की हा रोगापेक्षा इलाज भयंकर आहे. रेजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातली, एक नोंद बदलली की पासवर्ड विचारलाच जात नाही, हे मला ठाऊक असून मी मुद्दाम दडवलं. आणि ‘घर विकत घेतल्यावर जुन्या मालकाचं कुलूप तोडायला त्याची परवानगी कशाला?’ शिवाय तुमचं हिशेबाचं एक सॉफ्टवेअर त्यावर आहे, त्याची सीडी सापडत नाही आणि फॉरमॅट केलं की ते जाणार.

सीडीचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो, त्याकडे शेवटी येते.

आधी कुलूप. तोडा की! मशीन तुमचं आहे, त्याबद्दल वादच नाही. माझी काळजी वेगळी आहे: त्या घराच्या जुन्या किल्ल्या अजून कोणाकोणाकडे आहेत? कुलूप तोडल्याने हे कळत नाही, उलट आता सगळं आपल्या ताब्यात आलं असा समज तेवढा होतो.

कंपनीतला अँटीव्हायरस हा घरगुती अँटीव्हायरसचा मोठा भाऊ नव्हे. मशीनवर बसतो तो फक्त एजंट, म्हणजे हुकूम पाळणारा छोटा प्रोग्राम. त्याचं डोकं असतं कंपनीच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडमधल्या कन्सोलवर, म्हणजे आयटी विभागाच्या नियंत्रण-पानावर. काय स्कॅन करायचं, कुठली पेनड्राइव्ह चालू द्यायची, अनइन्स्टॉलला पासवर्ड कुठला, हे सगळं तिथून ठरतं. सोफॉस कंपनीच्या ‘सोफॉस सेंट्रल’सारख्या व्यवस्थेत तर प्रत्येक मशीनचा टॅम्पर प्रोटेक्शन (छेडछाड रोखणारा) पासवर्ड वेगळा असतो. म्हणून ‘अमुक कंपनीचा डीफॉल्ट पासवर्ड हा’ अशा याद्या फिरतात त्यांचा तुम्हाला बहुधा उपयोग नाही.

आता असं मशीन रीतसर निकालात निघतं तेव्हा काय व्हायला हवं? कन्सोलवरून त्याचं नाव काढायचं, मग डिस्क पुसायची. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात डिस्कवरची माहिती नाहीशी करण्याच्या तीन पायऱ्या आहेत: क्लिअर (साधं पुसणं), पर्ज (कसून पुसणं) आणि डिस्ट्रॉय (डिस्कच नष्ट करणं). यातली सगळ्यात सौम्य पायरी जरी पाळली गेली असती, तरी तुमच्या मशीनवर अँटीव्हायरस उरलाच नसता. तो उरलाय, म्हणजे कोणीतरी काम अर्धवट सोडलंय. आळसाने सोडलं असेल, घाईत सोडलं असेल. तुमच्यावर संशय घेण्याचा इथे प्रश्नच येत नाही, तुम्ही पैसे मोजलेत. पण जिथे एवढी ठळक गोष्ट राहिली तिथे बाकीच्या न दिसणाऱ्या गोष्टी मात्र नीट काढल्या असतील, असं मानायला मी तयार नाही.

तुमच्या रेजिस्ट्रीच्या युक्तीबद्दल. ती काही गुपित नाही. जुन्या एजंटांमध्ये पासवर्ड विचारण्याचं काम फक्त अनइन्स्टॉलर करायचा, आणि विचारायचा की नाही हे रेजिस्ट्रीतल्या एका नोंदीवर ठरायचं. ती नोंद बदलली की झालं. हे निर्मात्यांच्याही लक्षात आलं. आता एजंटचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा तुकडा, त्याच्या नोंदी, फाइली आणि सर्व्हिस यांच्यावर पहारा देतो. विंडोज ८.१ पासून तर अँटीव्हायरसच्या सर्व्हिसला संरक्षित प्रोसेस म्हणून चालता येतं. मग तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी टास्क मॅनेजर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून हात झटकतो. तुमच्याकडे युक्ती चालली असेल तर एजंट तितका जुना असणार. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ती चालेलच असं नाही, आणि न चालल्यावर माणूस जे करतो त्याचीच मला भीती वाटते.

तो सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींनिशी सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये, जातो. तिथे पहारेकरी ड्रायव्हर बहुधा लोड होत नाही, त्यामुळे वाटतं, आता सापडला! पण विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिसदेखील सेफ मोडमध्ये मुळात बंद असते, त्यामुळे अनइन्स्टॉल तिथे सरळ चालत नाही. मग प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर हाताने उडवलं जातं, ड्रायव्हरच्या फाइलीही उडवल्या जातात. फाइल गेली, पण तिचं नाव रेजिस्ट्रीत राहिलं. नेटवर्कच्या मार्गात बसलेला फिल्टर (येणारंजाणारं तपासणारा ड्रायव्हर) असा अर्धवट गेला की वायफाय जोडलेलं दिसतं आणि एकही पान उघडत नाही. कीबोर्डच्या किंवा डिस्कच्या ‘अपर फिल्टर्स’ यादीत गेलेल्या ड्रायव्हरचं नाव राहिलं तर ते उपकरणच सुरू होत नाही. डिस्कच्या बाबतीत याचा अर्थ निळा पडदा आणि त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. कंपनीच्या संचात डिस्क एन्क्रिप्शनचा, म्हणजे डिस्क कूटबद्ध करण्याचा, भागही असेल तर हा धोका फार खरा आहे. हे झाल्यावर फॉरमॅट करावंच लागतं. फक्त आधी करता आला असता तो बॅकअप आता सहजासहजी घेता येत नाही.

आणखी एक गंमत. विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये जुन्या अँटीव्हायरसची नोंद तशीच राहिली तर विंडोज डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, वाटत राहतं की पहाऱ्यावर कोणीतरी आहे, म्हणून तो जागा होत नाही. म्हणजे जुना गेला आणि नवा आलाच नाही!

तुम्ही युक्ती वापरून मोकळे झाला असाल तर एक तपासणी करा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘एफएलटीएमसी’ (fltmc) ही पाच अक्षरं टाइप करा. फाइल सिस्टिमवर बसलेल्या फिल्टरांची यादी येईल. पहिल्या रकान्यात नाव असतं, आणि पुढे ‘अल्टिट्यूड’ नावाचा आकडा. अँटीव्हायरस जातीच्या फिल्टरांना मायक्रोसॉफ्टने ३,२०,००० ते ३,३०,००० च्या दरम्यानची जागा नेमून दिली आहे. डिफेंडरचा ‘डब्ल्यूडीफिल्टर’ ३,२८,०१० वर दिसतो. त्या पट्ट्यात डिफेंडरखेरीज दुसरं नाव दिसलं तर जुना पाहुणा अजून घरातच आहे, कंट्रोल पॅनेल काहीही म्हणो. आणि डब्ल्यूडीफिल्टरच दिसला नाही तर वरची गंमत तुमच्याकडेच घडली आहे का ते बघा.

पण धरून चला की अँटीव्हायरस अगदी स्वच्छ निघाला. मग राहिलं काय? माझा सगळा आग्रह या प्रश्नापायी आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही.

कंपनीच्या आयटी विभागाचं लोकल ॲडमिनिस्ट्रेटर खातं राहिलं. त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत नाही, त्यांना आहे. दूरवरून मशीन हाताळणारा वेगळा एजंट असू शकतो, त्याचा अँटीव्हायरसशी संबंध नसतो. ठरावीक वेळी चालणारी कामं असतात, प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेटची वाहतूक ज्यातून जाते त्या मधल्या सर्व्हरची, सेटिंग असते. आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे रूट सर्टिफिकेट, ज्याच्या भरवशावर ब्राउझर बाकीच्या साइटांची ओळखपत्रं खरी मानतो.

बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांची कूटबद्ध वाहतूक प्रॉक्सीवर उघडून तपासतात. ब्राउझरने तक्रार करू नये म्हणून कंपनीचं स्वतःचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक मशीनच्या विश्वासू यादीत घातलेलं असतं. ऑफिसात ते समजण्यासारखं आहे. पण मशीन विकलं तरी सर्टिफिकेट त्या यादीतच राहतं, आणि त्याची खाजगी किल्ली कंपनीकडे, किंवा कंपनीकडून ती ज्याच्या हाती लागली असेल त्याच्याकडे. ती किल्ली असलेला माणूस तुमच्या बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट बनवू शकतो आणि तुमचा क्रोम किंवा एज ते निमूटपणे खरं मानतो. ॲड्रेस बारमध्ये इशारा नाही, काही नाही. त्याला तुमच्या नेटवर्कच्या वाटेवरही असावं लागतं, त्यामुळे हे उद्याच घडेल असं मी म्हणत नाही. पण अशा मशीनवरून मी तरी बँकेचे व्यवहार करणार नाही. पाहायचं असेल तर ‘सर्टएलएम डॉट एमएससी’ (certlm.msc) उघडून ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ची यादी वाचा. तिथे एखाद्या कारखान्याचं किंवा विमा कंपनीचं नाव निघालं तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. हे एकेक शोधून उपटत बसण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात विंडोज दोनदा टाकून होतं, आणि तरीही सगळं निघालं याची खात्री नसते ती नसतेच.

फॉरमॅटच करायचं तर विंडोजमधलं ‘रीसेट धिस पीसी’ वापरू नका. कंपनीने प्रोव्हिजनिंग पॅकेज (कंपनीची सेटिंग आणि सॉफ्टवेअर आपोआप बसवणारी फाइल) बनवून सी ड्राइव्हच्या रिकव्हरी फोल्डरमध्ये ठेवलेलं असेल तर रीसेटनंतर तेच पुन्हा लागू होतं. सगळं पुसलं म्हणून तुम्ही निश्चिंत होता आणि तोच एजंट परत हजर! दुसऱ्या, भरवशाच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून बूट करा आणि सेटअपमध्ये त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवा, रिकव्हरीचंही. पडद्यावर फक्त ‘अनॲलोकेटेड स्पेस’ उरली पाहिजे.

लायसन्सची चिंता बहुतेकांना उगाच असते. विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड मशीनमध्ये की सहसा फर्मवेअरमध्येच (मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) असते आणि तीच आवृत्ती टाकली की आपोआप लागू होते. उलट आत्ता तुमच्याकडे एंटरप्राइझ आवृत्ती दिसत असेल तर ती बहुधा कंपनीच्या केएमएस सर्व्हरवर (घाऊक लायसन्स लागू करणाऱ्या सर्व्हरवर) ॲक्टिव्हेट झालेली आहे. तसं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांच्या आत सर्व्हर भेटला नाही तर संपतं. म्हणजे फॉरमॅट टाळून वाचवलेलं विंडोजही तसं उधारीचंच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात असू द्या. मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसेल तर ११ च्या फंदात पडण्यापेक्षा लिनक्सचा विचार करा. मग या लेखातल्या निम्म्या भानगडी उरत नाहीत.

तुमच्या बाजूनेही एक सांगायला हवं: फॉरमॅट हा रामबाण नाही. कॉम्प्युट्रेस, म्हणजे आताचं ॲब्सोल्यूट, हे चोरीला गेलेलं मशीन शोधणारं सॉफ्टवेअर, याचा एक तुकडा फर्मवेअरमध्ये बसलेला असतो. तो सक्रिय असेल तर डिस्क बदलून कोरं विंडोज टाकलं तरी आपला एजंट पुन्हा बसवतो. मशीनची ओळख कंपनीच्या ऑटोपायलट यादीत (मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेल्या कंपनीच्या मशीनांच्या यादीत) असेल तर नव्या विंडोजचा सेटअप इंटरनेट मिळताच कंपनीचं नाव दाखवून त्यांच्या खात्याने लॉगिन करायला सांगतो. या दोन्ही गोष्टी फक्त मूळ कंपनीच सोडवू शकते. तिथे युक्त्या शोधत बसू नका. विकणाऱ्याला गाठा, मशीन यादीतून काढून देणार नसेल तर पैसे परत मागा. खरं तर अँटीव्हायरसच्या पासवर्डसाठीही पहिला फोन त्यालाच करावा. घाऊक विक्रेत्यांचा कंपनीच्या आयटीशी संपर्क असतो, आणि त्यांच्या दृष्टीने हे कन्सोलवरचं क्षुल्लक काम आहे.

आता तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. जुनी डिस्क फॉरमॅट करूच नका. ती बाहेर काढा, जागी साधी एसएसडी बसवा आणि विंडोज त्यावर टाका. जुन्या मशीनला वेग मिळेल तो वेगळाच. काढण्याआधी मात्र ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई’ला ‘स्टेटस’ विचारून (manage-bde -status) डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कूटबद्धीकरणाने, कूटबद्ध आहे का ते बघा. असेल, आणि ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्याकडे नसेल, तर बाहेर काढलेली डिस्क दुसऱ्या मशीनवर वाचता येणार नाही. हिशेबाच्या फाइली आत्ता, विंडोज चालू असतानाच कॉपी करून घ्या. प्रोग्रामसुद्धा हवाच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं ‘डिस्क-टू-व्हीएचडी’ चालत्या विंडोजची आभासी डिस्क बनवून देतं. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, नेटवर्क बंद ठेवून उघडा. आत तो अँटीव्हायरस असेलच, पण नेटवर्कविना तोही गप्प आणि ते सर्टिफिकेटही निरुपद्रवी. सॉफ्टवेअरचं लायसन्स हार्डवेअरला बांधलेलं असेल तर ते तिथे उघडणार नाही. मग निर्मात्याकडून सेटअप मागवण्याला पर्याय नाही. बिलावरचा सिरियल नंबर असला तर अनेक निर्माते तो देतात.

सगळं नव्या जागी नीट चालतंय हे पटेपर्यंत जुनी डिस्क बाजूला ठेवा. नंतर ती ‘डिस्कपार्ट’ या विंडोजमधल्या कमांडमध्ये निवडून ‘क्लीन ऑल’ने पुसा. नुसतं ‘क्लीन’ फक्त पार्टिशनची नोंद उडवतं, ‘क्लीन ऑल’ प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहितं. डिस्कचा क्रमांक दोनदा बघून मगच एंटर दाबा. तिथे परत फिरता येत नाही.

सॉफ्टवेअरचं नाव, त्याची आवृत्ती आणि बिटलॉकर चालू आहे की बंद, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.