लेतोच्या देवळात पाणी

कुमलुओवात कुठेही उभं राहिलं तरी आधी प्लास्टिक दिसतं. टोमॅटोची पॉलिहाऊसं, एकाला एक खेटून. इथे त्यांना 'सेरा' म्हणतात. मी मूळची जुन्नर तालुक्यातली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट उतरताना बघत लहानाची मोठी झाले आणि आता तुर्कस्तानच्या नैऋत्य टोकाला टोमॅटोच्याच पिकावर सल्ला देते. त्यामुळे गाव परकं असं वाटलंच नाही. पहिल्या आठवड्यात एका गोष्टीनं मात्र पाय जागीच थांबले. दोन सेरांमधल्या अरुंद रस्त्यानं वळण घेतलं आणि समोर एकदम मोकळी जागा, आडवे पडलेले खांब, आणि पाण्यात बुडालेली देवळाची जोती.

हे लेतून. प्राचीन लिशियन लोकांचं मुख्य देवस्थान. ग्रीक पुराणातली देवी लेतो आणि तिची जुळी मुलं आर्तेमिस आणि अपोलो, अशा तिघांची तीन देवळं इथे शेजारी शेजारी होती. इथून चारेक किलोमीटरवर, एशेन नदीच्या पलीकडे, टेकडीवर झांथोस आहे, लिशियाचं सगळ्यात मोठं शहर. १९८८ साली युनेस्कोनं दोन्ही मिळून एकच जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदवलं. नदीच्या अलीकडचं देवस्थान मुग्ला प्रांतात, पलीकडचं शहर अंताल्या प्रांतात. वारसा एक, कारभार दोन जिल्ह्यांचा.

हे आज लिहावंसं वाटलं ते घरच्या ग्रुपमुळे. ११ जुलै २०२५ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात आमचा शिवनेरीही. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोन गोष्टींवरून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. दादाचं म्हणणं, आता रायगडावरचा राजवाडा पहिल्यासारखा उभा केला पाहिजे, नुसती जोती बघायला कोण येणार. आणि चुलतभावाचं म्हणणं, किल्ल्यांवर आणि किल्ल्यांच्या पायथ्याला जे कुणी राहतंय त्यांना आधी हलवा, मग संवर्धनाचं बोला. पन्हाळ्यावर तर नांदतं गाव आहे, नगरपरिषद आहे. तिथल्या लोकांना यादीचीच धास्ती वाटली, घरं जातील म्हणून. मला दोन्ही भावांचं पटत नाही. का पटत नाही, ते मी लेतूनला शिकले.

लेतोची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावात सांगितली तरी समजेल. दोन तान्ही मुलं कडेवर घेऊन वणवण करणारी लेतो इथल्या तळ्यावर पाणी प्यायला वाकली. शेतकऱ्यांनी तिला अडवलं. एवढ्यावर न थांबता तळ्यात उतरून पाय आपटले, सगळं पाणी गढूळ करून टाकलं. ती म्हणाली, मग राहा कायमचे याच तळ्यात. त्यांचे बेडूक झाले. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेतूनला या, बेडकांचा आवाज देवळाच्या आधी भेटतो. पायऱ्यांवर कासवं ऊन खात बसलेली असतात.

पाहुण्यांना हे फार आवडतं, फोटोही सुंदर येतात. पण मी शेतीची माणूस आहे, मला त्या पाण्याची काळजी वाटते. एशेन नदीनं दोन हजार वर्षांत एवढा गाळ आणून टाकला की खोऱ्याची जमीन वर आली आणि देवळांची जोती भूजलाच्या पातळीत गेली. इथला पाऊस हिवाळ्यातला. पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, पुन्हा चढतं. चिबड जमिनीत क्षार कसे वर येतात ते आपल्या ऊसवाल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दगडातही तेच होतं. ओल आत शिरते, वाळताना क्षार पृष्ठभागाशी फुलतो आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. मी खाली वाकून एका कोरीव पट्टीवरून बोट फिरवलं होतं, ते पीठ लागल्यासारखं पांढरं झालं. त्यानंतर मी दगडांना हात लावत नाही.

अपोलोच्या देवळातल्या जमिनीवर रंगीत खड्यांचं चित्र होतं: एका बाजूला धनुष्य आणि भाता, एका बाजूला तंतुवाद्य, मधे सूर्यासारखं फूल. मूळ चित्र आता फेतियेच्या संग्रहालयात आहे, जागेवर त्याची प्रत ठेवली आहे. त्याच संग्रहालयात माझा सगळ्यात लाडका दगड आहे. १९७३ साली फ्रेंच उत्खननात लेतूनला सापडलेला, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, तीन भाषांतला लेख: लिशियन, ग्रीक आणि अरामी. लिशियन भाषा वाचायला त्याची मोठी मदत झाली. त्यात लिहिलंय काय? एका देवाची पूजा सुरू केली, पुजारी नेमला, त्याला अमुक जमीन लावून दिली. आणि शेवटी, यात जो कुणी फेरफार करील तो या देवांचा, लेतोचा, तिच्या मुलांचा आणि अप्सरांचा अपराधी ठरेल. हे वाचताना मला गधेगाळ आठवला. शिलाहारांच्या काळात दानाची जमीन कुणी बळकावू नये म्हणून शिळेवर सूर्य-चंद्र कोरायचे आणि खाली ती ओंगळ शिवी. नाणेघाटातला सातवाहनांचा लेखही दानांचाच, गाई, घोडे, कार्षापणं. माणसांनी दगडावर काय लिहून ठेवलं, तर जमीन कुणाची आणि ती कुणी हिसकावू नये, हे. म्हणून वारशासाठी जमिनीवरून माणूस उठवायचा म्हटलं की मला ते फार विचित्र वाटतं.

झांथोसला गेलं की दुसरी ओळख निघते. लिशियन थडगी दगडाची, पण कोरलेली लाकडासारखी. तुळयांची टोकं बाहेर आलेली, वासे, खाचा, चौकटी, सगळं सुताराच्या हातचं वाटावं असं. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत आपल्या शिल्पींनी हेच केलं. लाकडी घराचा आकार डोक्यात, हातात छिन्नी. कार्ल्याच्या चैत्यात तर छताचे लाकडी वासे अजून आहेत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण जुन्नरची लेणी बघत वाढलेल्या डोळ्याला ते थडगं एका नजरेत कळतं, एवढं खरं.

या शहराचा इतिहास सांगताना घसा दाटतो. इराणी सेनापती हार्पागस चालून आला तेव्हा झांथोसच्या लोकांनी बायका-मुलं, गडीमाणसं आणि सगळी चीजवस्तू बालेकिल्ल्यात ठेवून आग लावली आणि स्वतः लढून मेले, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. त्या वेळी गावाबाहेर असलेली ऐंशी कुटुंबं तेवढी वाचली. पुढे इसवी सनापूर्वी ४२मध्ये रोमन सेनापती ब्रूटसनं वेढा दिला तेव्हा पुन्हा तसंच घडलं. एवढं होऊनही शहर पुन्हा वसलं आणि लिशियन संघात त्याचं वजन टिकून राहिलं. तेवीस गावांचा संघ, गावाच्या मोठेपणाप्रमाणे मतं, मोठ्यांना तीन, मधल्यांना दोन, लहानांना एक. झांथोसला तीन मतं होती.

या शहराचे उत्तम दगड मात्र इथे नाहीत. चार्ल्स फेलोज हा इंग्रज १८३८ साली इथे आला आणि पुढच्या काही वर्षांत सुलतानाच्या परवानगीनं शिल्पं जहाजात भरून लंडनला गेली. नेरिइड स्मारक नावाची देवळासारखी अख्खी समाधी आज ब्रिटिश म्युझियममध्ये उभी आहे. इथे वेशीजवळ तिचं फक्त जोतं. हार्पी थडग्याचा उंच खांब जागेवर आहे, पण वरची शिल्पं नेलेली, त्या जागी साच्यातून काढलेल्या प्रती बसवल्या आहेत. आपल्याकडे २०२४ साली वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन तट पडले, ती महाराजांचीच का, आणि तीन वर्षांच्या बोलीनं आणणं म्हणजे आणणं का. मला विचाराल तर वस्तू परत मागायलाच हवी, आणि ती कायमची मागायला हवी. लिशियातल्याच एलमलीजवळ १९८४ साली चोरून खणलेल्या सुमारे १,९०० चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेक नाणी तुर्कस्ताननं अमेरिकेतून १९९९ साली परत मिळवली, कोर्टात चिवटपणे लढून. पण हार्पी थडग्याखाली उभी राहते तेव्हा मला ती प्रत खटकत नाही. ती प्रत आहे हे लपवलेलं नाही. मूळ कुठे गेलं हा प्रश्न ती रोज, येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात जागा करते.

दादाला मी हेच लिहिलं. जवळच्या पातारात लिशियन संघाचं सभागृह तुर्कस्तानच्या संसदेनं पुन्हा उभं केलंय. मी त्या पायऱ्यांवर बसले आहे, काम नेटकं आहे आणि पडलेले मूळ दगड बरेच हाताशी होते. तरी पाच मिनिटांत माझी नजर फसली, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे शोधायचं मी सोडून दिलं. तिथे निदान दगड होते. रायगडाचा राजवाडा १८१८च्या तोफांत जळाला, लाकूडकाम सगळं गेलं. तो कसा दिसत होता हे आपण ठरवणार, म्हणजे आजच्या कुणा वास्तुविशारदाची कल्पना महाराजांच्या नावावर खपवणार. उद्या माझी भाची तिथे उभी राहून म्हणेल, महाराज इथे राहायचे, आणि ते खोटं असेल. जळक्या जोत्यांवर उभं राहून जे कळतं ते तिला कधीच कळणार नाही. मला हे मान्य नाही आणि मी ते दादाशी भांडून सांगीन.

आता माणसं हलवण्याचं. लेतूनला लागून ज्यांची सेरा आहे त्या शेतकऱ्याला मी 'अबी' म्हणते, म्हणजे दादा. ते मला 'अब्ला' म्हणतात, म्हणजे ताई, वयानं वीस वर्षांनी मोठे असूनही. इथे १९८३चा २८६३ क्रमांकाचा कायदा आहे, संरक्षित जमिनीच्या श्रेणी पाडलेल्या असतात आणि पहिल्या श्रेणीत बांधकाम नाही. अबींच्या जमिनीचा एक कोपरा त्यात येतो. त्यांची तक्रार असते, आणि ती खरीही आहे. पण ऑक्टोबर उजाडला की पावसाच्या आधी ते फावडं घेऊन कडेचा चर साफ करतात. यंत्र तिकडे न्यायचं नाही म्हणून हातानं. गेल्या वर्षी मी बरोबर गेले. चरात गाळ कमी आणि सेराच्या प्लास्टिकच्या चिंध्याच जास्त, मुळांत गुंतून बसलेल्या. त्या ओढून काढताना माझी नखं दुखून आली. दोन तासांत पोतं भरलं. चर तुंबला तर पाणी आधी त्यांच्या टोमॅटोत येतं आणि मग देवळाकडे, हे त्यांना कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. चार पिढ्यांनी बघितलेलं आहे. हा माणूस उठवला तर चर कोण काढील? ऑफिसातून निविदा निघेस्तोवर डिसेंबर येईल.

आपल्याकडे २०१०च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आहे आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीनं. तत्त्व चांगलंच आहे. पण माझ्या मामांचं घर अशा एका वास्तूपासून शंभर मीटरच्या आत येतं, आणि पावसात खचलेला ओटा दुरुस्त करायला परवानगी मिळेपर्यंत दोन पावसाळे गेले. आजी त्याच ओट्यावरून पडली. तेव्हापासून मामा त्या वास्तूकडे बघायचे थांबले. पूर्वी ते तिथली रुई आणि उंबराची रोपं स्वतः उपटायचे, भिंतीत मूळ धरायच्या आत. दंडाच्या नोटिशीनं असा माणूस परत मिळत नाही. ओट्याचा अर्ज महिनाभरात निकाली काढला असता तर तो गेलाच नसता.

बारा किल्ल्यांतले आठ केंद्राकडे आणि चार राज्याकडे आहेत, म्हणजे इथल्या नदीसारखी रेघ आपल्याकडेही आहे. माझा ग्रुपवर एकच आग्रह आहे. राजवाडा आणि रोषणाई राहू दे, प्रत्येक गडावरच्या टाक्यांचा गाळ दरवर्षी मे महिन्यात कोण काढणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, ते आधी लिहून घ्या. शिवनेरी नांदता राहिला तो गंगा-जमुना टाक्यांच्या पाण्यावर. रविवारी घमेली घेऊन गडावर जाणारी पोरं आहेत आपल्याकडे, खूप आहेत. त्यांना पुरातत्त्वाचा माणूस सोबत द्या, म्हणजे गाळातून एखादी कोरीव शिळा निघाली तर ती पायरीला लागणार नाही. पायथ्याच्या गावांना त्यात बसवा, मजुरीसह.

चुलतभावाचं यावर अजून उत्तर आलेलं नाही. दादानं परवा फोन केला. राजवाड्याचं त्यानं सोडलेलं नाही, पण पायथ्याच्या दोन मित्रांना घेऊन तो गडावरचं एक टाकं बघून आला, आणि त्यात कंबरभर गाळ आहे म्हणाला. किती लांब, किती रुंद, ते मी विचारलं. मोजलं नव्हतं. पुढच्या रविवारी टेप घेऊन जातो म्हणाला. इकडे अबींनी फावड्याला नवा दांडा बसवलाय. पाऊस अजून तीन आठवडे लांब आहे.