"ऐकू येत नाही तरी नाचतात, हा चमत्कार" – नाही, चमत्कार नाहीये

डेफ डान्सर्सचा एक व्हिडिओ फिरतोय, त्याखाली मेसेज असा: "हे मूकबधिर कलाकार फक्त जमिनीची कंपनं पकडून नाचतात, देवाचा चमत्कार! हातवारे किती सुंदर! कृपया यात निषेध वगैरे आणून कला बिघडवू नका." इतक्या वेळा आलाय की आता लिहायलाच हवं.

आधी त्यातलं 'मूक' काढा. त्यांना भाषा आहे, अख्खी, खुणांची म्हणजे साइन लँग्वेज.

कंपनांचं म्हणाल तर बासचा दणका काहींना जाणवतो, खरंय, पण तेवढ्यावर अख्खा नाच बसत नाही. काउंट्स म्हणजे तालाची मोजणी पाठ असते, शेजारच्याचा श्वास, खांदा, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसणारी हालचाल यावर टायमिंग जुळतं आणि ते तालमी करून करून जुळतं, चमत्कार म्हटलं की ही सगळी मेहनतच पुसली जाते. आणि नाचाला संगीताचा आधार हवाच असंही नाही ना. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं बनवायचे, ऐकू येणाऱ्या डान्सर्सना कित्येकदा ते संगीत थेट पहिल्या प्रयोगालाच ऐकायला मिळायचं.

दुसरं, हातवारे. विल्यम स्टोकी या भाषा-अभ्यासकाने १९६० मध्येच दाखवून दिलं की अमेरिकन साइन लँग्वेजमधली प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांनी बनते, यातलं एक बदललं तरी शब्द बदलू शकतो. चेहऱ्यालाही व्याकरण आहे, भुवया वर गेल्या की साध्या वाक्याचा हो-नाहीचा प्रश्न होतो. म्हणजे डान्सर एखादी खूण ताणत पार पाठीपर्यंत नेतो किंवा अर्ध्यातच सोडतो तेव्हा तो शब्द मोडतोय, कवी मोडतो तसा. भाषा येणाऱ्याला ते कळतं, आपल्याला नुसता आकार दिसतो आणि आपण 'सुंदर' म्हणून पुढे जातो.

आता निषेध, माझा खरा राग इथे आहे. १८८० मध्ये मिलानला डेफ मुलांच्या शिक्षणावर परिषद झाली, १६४ प्रतिनिधी आणि त्यात डेफ जेमतेम एखाद-दुसरा, आणि ठराव काय तर शाळेत बोलणंच शिकवायचं, खुणा बंद. मग कित्येक देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना खुणा केल्या म्हणून शिक्षा झाल्या, हातांवर मार बसला. त्याच परिषदेने या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला २०१० मध्ये, व्हँकुव्हरला, म्हणजे १३० वर्षांनी! ज्या हातांना हलायचीच बंदी होती ते स्टेजवर उघड बोलतायत, यात निषेध बाहेरून कोण कशाला आणेल, तो त्या हातांतच आहे.

चिसातो मिनामिमुरा या डेफ कलाकाराचा 'स्कोअर्ड इन सायलेन्स' हा एकपात्री प्रयोग हिरोशिमा-नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या डेफ माणसांवर आहे. त्यांचं आयुष्य ती साइनमधून, अंगातून मांडते. यातून निषेध काढून टाका म्हणणाऱ्यांनी सांगावं, मग त्या प्रयोगात नेमकं काय ठेवायचं?