साठ अंशांची भीती आणि पहिल्या ओळीवरचा विश्वास

एप्रिल उजाडला की नागपुरातल्या कार्यालयांचे संगणक सांभाळणाऱ्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो. सर्व्हरच्या, म्हणजे कार्यालयाच्या सामायिक मुख्य संगणकाच्या, प्रोसेसरचे तापमान पाहण्यासाठी ‘सेन्सर्स’ ही कमांड देऊन वरचा पहिला आकडा वाचावा. तो ६० च्या पुढे गेला तर प्रोसेसर जळण्याच्या बेतात आहे असे समजावे. म्हणून खोलीचा एसी १६ वर ठेवावा, आणि एसी नसेल तर कूलर लावावा, असे त्यात म्हटलेले असते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

सर्वांत घातक सल्ला पहिल्या आकड्याचा. लिनक्स या संगणकप्रणालीवर ही कमांड यंत्रात सापडतील त्या सर्व सेन्सरांची यादी देते आणि त्यात प्रोसेसरच आधी येईल असा काही नियम नाही. अनेकदा वरच्या बाजूला ‘एसीपीआयटीझेड’ नावाचा गट दिसतो. तो आकडा मदरबोर्डाचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेले मूळ सॉफ्टवेअर, पुरवते, आणि त्याचा प्रोसेसरशी संबंध असेलच असे नाही. काही बोर्डांवर तर तिथे २७.८ आणि २९.८ हे आकडे कायमचे गोठलेले असतात. सीताबर्डीतल्या एका कार्यालयात ऐन मे महिन्यात हाच २७.८ मला समाधानाने दाखवण्यात आला होता, आणि त्याच खोलीतला भिंतीवरचा तापमापक तेव्हा ३४ दाखवत होता. हवेने थंड होणारा प्रोसेसर त्या हवेहून गार असू शकत नाही, एवढा विचार केला असता तरी शंका यायला हवी होती. इंटेलच्या प्रोसेसरसाठी ‘कोअरटेम्प’ गटातली ‘पॅकेज’ची ओळ वाचावी आणि एएमडीसाठी ‘के१०टेम्प’ हा गट पाहावा. त्यातही ‘टीसीटीएल’ हा आकडा पंख्यांच्या नियंत्रणासाठी असतो. रायझन १८००एक्समध्ये तो खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी आणि थ्रेडरिपर १९५०एक्समध्ये २७ अंशांनी वाढवून दिलेला आहे. भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर बहुधा यातले काहीच दिसत नाही, कारण ते सेन्सर मूळ यंत्राच्या मालकाकडे असतात.

खरे तर आकड्यामागचा सेन्सर तपासावा हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती. इतर केंद्रांचे आकडे त्याच्या पुष्कळ खाली होते, आणि तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याला सांगावे लागले.

आता ६० अंशांकडे येऊ. इंटेलचा सेन्सर मुळात ‘किती तापलो’ हे मोजत नाही; ठरलेल्या कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, हे तो मोजतो, आणि ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर वाचणारे सॉफ्टवेअर, त्या मर्यादेतून वजाबाकी करून आपल्याला तापमान दाखवतो. ही मर्यादा मॉडेलनुसार बदलते आणि पुष्कळ मॉडेलांत ती १०० अंशांच्या आसपास असते. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर यंत्र बंद पडते. त्यामुळे कामाच्या भरात दिसणारे ६० हे धोक्याचे लक्षण नव्हे. उलट, मर्यादेपासून दूर असताना सेन्सरची अचूकता कमी होते, म्हणून रिकाम्या बसलेल्या सर्व्हरवर ३१ आहे की ३४ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. काही सर्व्हर बोर्डांचा देखरेख नियंत्रक, म्हणजे यंत्रावर लक्ष ठेवणारी वेगळी चिप, मर्यादेपासूनचे अंतरच थेट उणे ४५ असे दाखवतो, आणि ते पाहून प्रोसेसर गोठला असे समजणारेही भेटतात. काळजी करावी ती वेगळ्याच बाबतीत: खोली तीच, काम तेच, आणि गेल्या महिन्यात ६२ असणारा आकडा आता ७८ झाला असेल, तर प्रोसेसरवरच्या उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकमध्ये धूळ साचली आहे, पंखा मंदावला आहे किंवा त्या दोहोंमधली थर्मल पेस्ट सुकली आहे, असे बहुधा असते. हे ओळखायचे तर रोजच्या नोंदी हव्यात; एकदाच पाहिलेला आकडा इथे उपयोगाचा नाही. इंटेलच्या यंत्रांवर उष्णतेमुळे वेग कितीदा कमी झाला हे लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, मोजून ठेवते. तो मोजक शून्यावर असेल तर निदान सर्व्हर शेवटचा सुरू झाला तेव्हापासून प्रोसेसरने ती मर्यादा गाठलेली नाही.

एसी १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज घराघरांत आहे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर २४ वर असो की १६ वर, तितक्याच जोराने चालतो. फरक पडतो तो केव्हा थांबायचे याचा, आणि बाहेर ४५ अंश असताना १६ वर लावलेला एसी बहुधा थांबतच नाही. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी अशी अमेरिकेतल्या ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. ‘आयपीएमआयटूल’ या कमांडने त्या देखरेख नियंत्रकाकडून ‘इनलेट’चे, म्हणजे आत येणाऱ्या हवेचे, तापमान मिळते, तेच पाहावे. मागून निघालेली गरम हवा वळून पुढे येत असेल, तर एसीचा आकडा कितीही खाली नेला तरी ते भागत नाही.

कूलरचे म्हणाल, तर मेच्या कोरड्या हवेत तो गारवा देतो हे खरेच. पण बंद खोलीत आर्द्रता चढत जाते, थोड्या वेळात गारवाही सरतो, आणि जड पाण्याचे तुषार बोर्डावर वाळले की क्षारांचा थर मागे राहतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसांच्या खोलीत ठेवावा. सर्व्हरच्या खोलीला एसी मिळेपर्यंत गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि ऐन दुपारची जड कामे रात्रीवर टाकावीत.