दुसऱ्याच दिवशी खारदुंगला नको!

‘सकाळच्या विमानाने लेहला उतरा आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंगला करून या’ हा लडाख सहलीवरच्या लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. सोबत आजी-आजोबा असतील तर तो धोक्याचाच आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर, खारदुंगला ही खिंड ५,३०० मीटरच्याही वर. उंचीची सवय व्हायला शरीराला निदान दोन दिवस द्यायलाच हवेत. आमच्या सासूबाई लेहला उतरल्या त्या दिवशी दुपारपर्यंत ठणठणीत होत्या. संध्याकाळी हॉटेलचा जिना चढताना धाप लागली, रात्री डोकं ठणकायला लागलं, जेवणाचं नावही नको. पुढचा अख्खा दिवस खोलीतच, गरम पाणी आणि वाटीभर थुक्पावर (नूडल्सचं गरम सूप) काढला. मग कुठे लेहमधला टेकडीवरचा शांतिस्तूप पाहिला, तोही गाडीने वरपर्यंत जाऊन.

हाताशी सुट्टी असेल तर जूनमध्ये श्रीनगर-सोनमर्ग-कारगिल रस्त्याने जा. कारगिल साधारण २,७०० मीटरवर आहे, तिथे मुक्काम केला की उंची हळूहळू अंगवळणी पडते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. आणि पोस्टपेड सिम न्या, आपल्याकडचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. म्हातारी माणसं सोबत असताना फोन बंद पडणं परवडत नाही, लेखात हे यायलाच हवं होतं.