व्हॅक्यूमची नळी काढू नका

‘जुन्या अँबॅसिडरची व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून बुजवा, घाटात नॉकिंग थांबतं,’ असा मेसेज साताऱ्यात फिरतोय. चूक आहे. ही नळी इंजिनातली ओढ (व्हॅक्यूम) डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याला, पोचवते आणि ठिणगी लवकर पाडते. नॉकिंग म्हणजे जोर पडल्यावर इंजिनातून येणारी टकटक. खंबाटकी घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तेव्हा व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, मग नळी काढून थांबणार काय? मूळ टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या स्प्रिंगा बघा. नळीचं खरं काम कराडकडच्या सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालवताना. तेव्हाचं पेट्रोल-हवेचं पातळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर हवी. नळी काढली की पेट्रोल जास्त जातं.

नळी काढून बुजवायची ती फक्त टायमिंग लावताना. मेसेजवाल्याने अर्धंच ऐकलं असणार. परत जोडण्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून नळीतून तोंडाने हवा ओढा आणि नळी जिभेने बंद करा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. मागे आली तर डायफ्रॅम (ओढीने प्लेट सरकवणारा पडदा) फाटलाय.