रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आणि तो मेसेजही पुढे पाठवू नका

‘गॅरेजवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत! कूलंट गळतीवर सहा रामबाण उपाय.’ (कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात तो द्रव.) हा मेसेज आता जवळजवळ प्रत्येक गाडीवेड्याच्या ग्रुपवर येऊन गेलाय. ज्यांच्याकडे आला नाही त्यांच्यासाठी उपाय थोडक्यात सांगतो. एक, रेडिएटरमध्ये अंड्याचा पांढरा भाग किंवा काळ्या मिऱ्यांची पूड टाका, भोक आपोआप बुजेल. दोन, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका. तीन, कूलंट ही कंपन्यांची लूट आहे, आपल्याकडे बर्फ पडत नाही, नळाचं पाणी भरा. चार, इंजिन गरम असताना हेडचे (ब्लॉकवर बसणाऱ्या इंजिनच्या वरच्या भागाचे) बोल्ट अर्धा फेरा जास्त आवळा. पाच, काटा लाल रेषेत गेला तर लगेच फडक्याने धरून झाकण उघडा आणि गार पाणी ओता. सहा, गळतंय ते कूलंट की एसीचं पाणी हे ओळखायला बोट लावून चाखा. खाली ठळक अक्षरात लिहिलंय की घरी बांधलेल्या, ताकद वाढवलेल्या इंजिनांना हे उपाय ‘दुप्पट’ लागू पडतात.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) आणि रिबोअरचं (सिलिंडरचं भोक मोठं करण्याचं) काम करतो. असे मेसेज मी एरवी वाचतसुद्धा नाही. पण माझा भाचा कळव्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या मारुती सुझुकी एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन स्वतः बांधतोय. ओव्हरसाइज पिस्टन, फेस केलेलं हेड, वाढवलेलं कॉम्प्रेशन, सगळं मनापासून केलंय पोराने. फक्त कूलंटची गळती हटेना. वैतागलेल्या पोराने तो मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, चौथा आणि पाचवा करून बघू का?’ नेमके हेच दोन उपाय माणसाला दवाखान्यात आणि इंजिनला भंगारात पोचवणारे. म्हणून लिहायला बसलो.

पाचवा आधी घेतो, कारण यात माणूस भाजतो.

रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा ठोकलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या बार जास्त दाबापर्यंत झाकण पाणी आत कोंडून ठेवतं. दाब वाढला की उकळबिंदू वर जातो. 0.9 च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर त्याच्याही वर. म्हणजे काटा लाल रेषेत असताना आतलं पाणी शंभरच्या बरंच पुढे गेलेलं असतं आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून टिकलेलं असतं. तुम्ही झाकण उघडलंत की दाब गेला. 118 वरून 100 वर येताना त्यातलं तीनेक टक्के पाणी त्याच क्षणी वाफ होतं. तीन टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण एका ग्रॅम पाण्याची वाफ जवळजवळ 1.7 लिटर जागा घेते, म्हणजे लिटरभर पाण्यामागे पन्नासेक लिटर वाफ झाली. ही वाफ उरलेलं उकळतं पाणी घेऊन झाकणाच्या तोंडातून वर येते, आणि तिथे वाकून बघणाऱ्याचा चेहरा असतो. वाफ जिरण्याआधी कुकरचं झाकण ओढून काढायला आपण घरात कुणाला सांगतो का?

फडक्याचा काही उपयोग नाही. उकळतं पाणी फडक्यात भिनतं आणि तुमच्या हाताला चिकटून राहतं. झाकणाला दोन टप्पे असतात हे खरं, आणि पहिल्या टप्प्यावर दाब बाजूच्या बाटलीत सुटतो हेही खरं. पण ती सोय गार होत आलेल्या इंजिनमधला उरलासुरला दाब सोडण्यासाठी आहे, लाल रेषेतल्या इंजिनसाठी नाही. कुठल्याही गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडा. इंजिन गरम असताना हे झाकण उघडू नका, ही सूचना त्यात ठळक छापलेली असते. कूलंट विकून पैसा कमावणाऱ्यांनी हे लिहिलंय असं मेसेज पाठवणाऱ्याला म्हणायचं असेल, तर न उघडण्यात कोणाचा कसला धंदा होतो ते त्याने सांगावं.

आणि ‘गार पाणी ओता’ म्हणजे जखमेवर मीठच. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये थंड पाणी गेलं की एक भाग झटकन आकसतो, बाकीचा तसाच फुगलेला राहतो. व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या अरुंद पट्टीत तडे गेलेली हेड माझ्या बाकावर येतात. अशा तड्याला दरवेळी वेल्डिंग चालतंच असं नाही, अनेकदा नवं हेड हाच इलाज असतो.

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला काटा वर गेला तर काय करायचं? एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि जागा मिळेल तिथे बाजूला थांबून इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा होस पाइप हाताने दाबला तर मऊ लागला पाहिजे. दगडासारखा लागला तर झाकणाला हात लावू नका. कुणी भाजलंच तर भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. भाजणं मोठं असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, हे ठाण्या-नवी मुंबईतल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

आता चौथा उपाय. हेडचे बोल्ट म्हणजे नळाची तोटी नव्हे, की गळतंय म्हणून अजून पिळली. ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या मोजलेल्या जोराला) बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणावरच हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग दाबलेलं राहतं. त्यावर अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश. तेवढ्यात बोल्ट कायमचा लांबतो किंवा तुटतो, नाहीतर ॲल्युमिनियम ब्लॉकमधले आटे उपटून बाहेर येतात. त्यात पुन्हा इंजिन गरम. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे गरम इंजिनवर टॉर्क रेंच जो आकडा दाखवेल त्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय एकाच बाजूने आवळलं तर हेड वाकतं आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती भोकं) वरच्या बाजूला गोल राहत नाहीत. नवे पिस्टन टाकलेल्या माणसाने तरी असं करू नये.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जुन्या पद्धतीच्या काही पॅकिंगना पहिल्यांदा इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा टॉर्क द्यावा लागायचा. पण तो गार इंजिनवर, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या क्रमाने आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला, आणि तोही मॅन्युअलमध्ये तसं सांगितलं असेल तरच. ‘अर्धा फेरा जास्त’ कुठेच लिहिलेलं नाही.

हेडमधून गळत असेल तर कारण बहुतेक वेळा बोल्टच्या ढिलाईत नसून पृष्ठभागात असतं. सुझुकीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या हेडच्या वाकण्याची मर्यादा 0.05 मिमी दिली आहे. एवढी फट नजरेला दिसत नाही. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवायची, तेव्हा ती कळते. पत्र्याच्या थरांचं पॅकिंग वापरणार असाल तर फेसिंग फार गुळगुळीत लागतं. जाडाभरडा कट चालत नाही. बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर बोल्ट खाली जाताना त्या द्रवाला जायला वाट राहत नाही, टॉर्क खोटा लागतो, कधी ब्लॉकच फुटतो. आणि काही इंजिनांत बोल्टचं भोक थेट पाण्याच्या पोकळीत उघडतं. तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही, तर पाणी आट्यांच्या फटीतून वर चढतं आणि माणूस पॅकिंगला दोष देत बसतो.

पण हे सगळं हेडमधून गळत असेल तर. भाच्याचं कूलंट गिअरबॉक्सच्या घंटेवर (इंजिनला जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कव्हरवर) टपकत होतं. पोराने मागच्या कोर प्लगवर (ब्लॉकच्या भोकातल्या पत्र्याच्या बुचावर) संशय घेतला, तिघा मित्रांनी हेड पॅकिंगवर. मी त्याला सांगितलं, आधी प्रेशर टेस्टर लाव. झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, गार इंजिनवर झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा, त्याच्यावर नाही, आणि काटा बघत थांबायचं. काटा हळूहळू उतरू लागला. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला बघितलं, तर तिथे हिरवा थेंब फुगत होता. तो ब्लॉकच्या मागच्या भिंतीवरून ओघळत थेट घंटेवर पडत होता. या इंजिनच्या मॅनिफोल्डमधूनही पाणी फिरतं. जुन्या पॅकिंगचा एक खपला तसाच खाली राहून गेला होता. खपला खरवडला, पट्टी लावून सपाटी तपासली, नवं पॅकिंग बसवलं. हेडला हातसुद्धा लावावा लागला नाही. ‘अर्धा फेरा’ दिला असता तर चांगलं बसलेलं हेड बिघडलं असतं आणि गळती तशीच राहिली असती.

बाहेर कुठेच थेंब दिसत नसेल आणि तरी पातळी घटत असेल, तर आतली गळती धरा. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली मळकट साय, एखादाच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू येतोय का हे बघणारी निळ्या द्रवाची टेस्टही मिळते. वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. त्यानंतरच हेड उतरवायचं.

बाकीचे उपाय पटकन बघू. अंडं आणि काळी मिरी. रेडिएटरच्या जाळीतलं सुईएवढं भोक यांनी तात्पुरतं बुजतं, हे मीही नाकारत नाही. कॅडिलॅकच्या काही ॲल्युमिनियम इंजिनांत तर जनरल मोटर्स स्वतः गळती बुजवणाऱ्या गोळ्या टाकत असे. पण त्या गोळ्या त्या इंजिनासाठी ठरवलेल्या, मोजून टाकलेल्या होत्या. अंडं कुठलं भोक बुजवायचं हे ओळखत नाही. ते हीटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडमधल्या छोट्या भोकांतही जाऊन बसतं, आणि ताकद वाढवलेल्या इंजिनला नेमकी तिथेच पाण्याची जास्त गरज असते. पॅकिंगच्या कडेला पिचकारीभर सिलिकॉन लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. आत सुटलेला तुकडा फिरत राहतो.

नळाचं पाणी. नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, हे बरोबर आहे. ट्रॅकवर धावणाऱ्या अनेक गाड्यांत पाणीच असतं, कारण सांडलं तर कूलंटमधलं ग्लायकॉल रस्ता निसरडा करतं. पण त्या पाण्यातही गंजरोधक घालतात, आणि ते पाणी शुद्ध केलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, टँकरच्या आणि बोअरिंगच्या पाण्यात क्षार. ॲल्युमिनियमला टोच पडतात, वॉटर बॉडीचं (पाण्याच्या पंपाचं) सील लवकर जातं. बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद उकळबिंदू आणि गंज दोन्ही विसरतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, मॅन्युअलने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट, एवढं पुरे.

थर्मोस्टॅट काढल्याने गळती थांबत नाही. दोन्हींचा संबंधच नाही. तो अडकला असेल तर नवा टाका. नसेल तर इंजिन थंडच चालत राहतं, इसीयू (इंजिनचा संगणक) जास्त पेट्रोल ओततो आणि रिंगा झिजतात.

आणि चाखणं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. ते शरीरात गेलं की त्याचं ऑक्झॅलेट होऊन किडनीत स्फटिक साचतात आणि किडनी निकामी होते. बोटभर चाखून कोणी मरणार नाही. पण ‘चाखून बघायची गोष्ट’ म्हणून पार्किंगमध्ये उभ्या पोरांना ती दाखवायची नाही. पांढरा टिश्यू टेकवा. रंग आणि बुळबुळीतपणा असेल तर कूलंट, स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर एसीचं पाणी. खाली पडलेलं डबकं लाकडाच्या भुशाने टिपून घ्या आणि जागा धुऊन काढा. सोसायटीतली मांजरं आणि कुत्री ते चाटतात.