सहल पाहावी काढून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी म्हणून ठेवलं त्यांनी चार लहान मुलांना घेऊन पानगळ बघायला जायचा बेत कधी केला नसावा. केला असता तर म्हणीला तिसरा पाय फुटला असता. तुमच्या हातून ही उणीव राहू नये. शरद ऋतू आहे, रविवार मोकळा आहे आणि काल रात्री फोनवर कुणाच्या तरी कुटुंबाचा फोटो आलाय: केशरी पानांच्या गालिच्यावर तीन मुलं, एकाच रंगाचे तीन स्वेटर, तिघंही कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तिघांचीही नाकं कोरडी आहेत. आता घरी बसणं म्हणजे मुलांचं बालपण वाया घालवणं. तो फोटो कितव्या प्रयत्नात निघाला, तिघांपैकी कुणाला काय कबूल करावं लागलं, असले प्रश्न मनात आणू नका. निघा.

माझा अधिकार विचाराल तर आमच्याकडे थोरली नऊची, मधला सहाचा, मधली चारची आणि शेंडेफळ दीड वर्षाचं. जे सांगतोय ते सोसून सांगतोय.

आधी दिवस ठरवा. त्यासाठी पानं रंगतात कशी हे एकदा वाचून ठेवा, कारण गाडीत कुणीतरी विचारणारच. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडायला घेतं आणि त्यातला कामाचा माल, मुख्यतः नायट्रोजन, आत ओढून घेतं. पिवळा रंग पानात मुळातच असतो, हिरव्याखाली दडलेला. हिरवा गेला की तो दिसतो. लाल मात्र बहुतेक झाडांत त्या वेळी नव्यानं तयार होतो, आणि तो खुलायला स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण गोठवणार नाहीत अशा रात्री लागतात. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पापुद्रा धरतो आणि पान सुटतं. म्हणजे झाड करतं काय, तर सामान आवरतं, महत्त्वाचं जपून ठेवतं आणि पाच वेळा हाक मारायला न लावता पानांना वेळेवर बाहेर काढतं. हे बघायला तुम्ही जो जथा घेऊन निघालाय, त्यातल्या एकाला अजून डाव्या पायाचा मोजा सापडलेला नाही.

रंगांचा हा बहर एका जागी जेमतेम आठवडा-दोन आठवडे टिकतो. त्यात दोन रविवार येतात. पहिल्या रविवारी पाऊस लागेल, दुसऱ्या रविवारी मधल्याला ताप येईल. म्हणून तिसरा रविवार धरा. तोवर सगळी पानं खाली आलेली असतात आणि मान वर करायचे कष्ट वाचतात.

कपड्यांबाबत जाणकारांचा सल्ला एकमुखी आहे: थरांवर थर घाला. सकाळी थंडी, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा थंडी. चार मुलं गुणिले चार थर म्हणजे १६ कपडे, शिवाय ८ मोजे, ८ बूट आणि ४ टोप्या. शेंडेफळाला सर्वांत शेवटी चढवा आणि शेवटची चेन वर ओढा. चेन गळ्यापाशी पोचताच त्याच्या चेहऱ्यावर एक दूरचं, तत्त्वचिंतकाचं गांभीर्य येतं. त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. चारही थर उतरवा. दुपारी एकच्या सुमाराला ऊन चढलं की उरलेल्या तिघांचे १२ कपडे एकेक करून तुमच्या अंगाखांद्यावर येतील. तुम्ही पालक आहात ही समजूत तिथं सोडून द्यायची. तुम्ही खुंटी आहात.

नऊला निघायचं ठरवलंत तर साडेअकराला निघाल. नऊ वाजता ठरवलं नाहीत तरी साडेअकरालाच निघाल, पण मग भांडायला मुद्दा राहत नाही.

गाडीत कोण कुठे बसणार हा प्रश्न गणिताचा आहे, आणि गणित तुमच्या बाजूचं नाही. दोन मुलांत भांडणाची जोडी एकच असते. तिसरं आलं की जोड्या तीन होतात आणि चौथं आलं की सहा. मुलं दुप्पट झाली, भांडणं सहापट. 'एकाला सोबत होईल' म्हणून दुसऱ्याचा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडून दाखवला नाही. खिडक्या मात्र दोनच.

प्रवासात मुलांनी कंटाळू नये म्हणून प्रत्येकाच्या हाती एकेक कोडी-पुस्तक द्या, बारीक छपाईचं असेल तर उत्तम. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त होतो, म्हणजे तुमच्या मागच्या सीटवर नेमका तोच वयोगट भरलेला आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारं यंत्र असतं, ते सांगतं की आपण हलतोय. पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. या वादात पोटाला पंच नेमलं जातं आणि पोट निकाल राखून ठेवत नाही. आमच्याकडे निकाल लागला तेव्हा कोड्यातल्या खारीला तिच्या बिळापर्यंत पोचवायचं राहूनच गेलं. पुस्तकाऐवजी मुलांना समोर लांबवर बघायला सांगावं, असं म्हणतात. समोर लांबवर आमची डोकी होती.

आता वाटेतले थांबे. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर मंडळींचा एक ठोकताळा आहे: वयात एक मिळवा आणि ३०ने गुणा, तेवढे मिलिलिटर. चार वर्षांच्या मुलीचे १५०, सहाच्या मुलाचे २१०, नऊच्या मुलीचे ३००. हे वाचल्यावर मी हरखलो. कागदावर तक्ता केला, कोण किती पाणी प्यायलं याची नोंद ठेवली, सगळ्यांचा सामायिक थांबा काढला. बायकोनं तो कागद बघितला आणि काहीच बोलली नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं. ठोकताळा किती मावतं ते सांगतो. केव्हा आठवतं ते सांगत नाही. आठवतं ते थांबा मागे पडून दहा मिनिटं झाल्यावर, आणि एकाला आठवलं की दुसऱ्याला लागलीच आठवतं. तिसऱ्याला आठवत नाही. तो उतरायलाच नकार देतो, आणि गाडी सुरू झाल्यावर त्याला आठवतं.

पोचलात? अभिनंदन. समोर टेकडीभर जंगल पेटल्यासारखं लाल-पिवळं झालेलं आहे, हवेत ओल्या मातीचा वास आहे, पायाखाली पानं चुरचुरतायत. मुलांना हे सगळं दाखवा. त्याआधी फक्त त्यांना गाडीतळाच्या कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहात न्यावं लागेल.

तिथं भिंतीवर हात वाळवायचं यंत्र असेल.

याबद्दल कुठल्याही मार्गदर्शनात एक अक्षर सापडणार नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. हात पुढे केला की यंत्र घरघरतं आणि गरम वारा सोडतं. हात मागे घेतला की थांबतं. लालभडक जंगलाला हे जमत नाही. मधल्यानं हात आठ वेळा वाळवले. मधलीनं वाळवले, मग ओले केले, मग वाळवले. मी बाहेरून हाका मारत होतो की अरे, काय सुंदर झाडं आहेत बघा! तेव्हा थोरली धावत बाहेर आली. मला वाटलं, चला, एकीला तरी निसर्गाची ओढ आहे. तिनं ओंजळभर पानं उचलली, सगळ्यांत लाल, सगळ्यांत कोरडी, मन लावून निवडून, आणि ती परत आत गेली. पाठोपाठ आतून जो आनंदाचा चीत्कार आला तसा त्या दिवशी पुन्हा कधी ऐकू आला नाही. यंत्राखाली पानं धरली की ती छतापर्यंत उडतात. एका अनोळखी गृहस्थांच्या टोपीवर एक उतरलं. पानगळ बघायला नव्वद किलोमीटर आलो होतो आणि पानगळ आत चालली होती, खालून वर.

मुलांना तिथून हलवायला अर्धा तास लागतो. हलवाच. कारण फोटो व्हायचाय.

फोटोसाठी चौघं एकाच वेळी खूश असावी लागतात. हिशेब करून बघू. प्रत्येक मूल जागेपणीचा दोन-तृतीयांश वेळ खूश असतं असं मोठ्या मनानं धरा. मग चौघं एका क्षणी खूश असण्याची शक्यता म्हणजे दोन-तृतीयांश चार वेळा गुणायचे: ८१ पैकी १६. पाचातून एकदासुद्धा नीट नाही. आणि हा हिशेब प्रत्येकाची मर्जी स्वतंत्र आहे असं धरून केलाय. प्रत्यक्षात तसं कुठं असतं? मधलीचं हसू मधल्याच्या रडण्यावर चालतं. त्याचा फुगा फुटल्याशिवाय तिची कळी खुलत नाही. तरीही तुम्ही 'एकदाच, फक्त एकदाच इकडे बघा' असं ४० वेळा म्हणा. आवाज चढेल तसं हसू वाढवत न्यायचं, म्हणजे शेजारच्या कुटुंबाला आपण मजेत आहोत असं वाटतं. त्यांचंही तेच चाललेलं असतं. आमच्या सर्वांत बऱ्या फोटोत तीन मुलं आहेत, दोन कॅमेऱ्याकडे बघतायत आणि कोपऱ्यात चौथ्याचा एक बूट आहे.

मग फिरणं. दीड वर्षाच्या मुलाबरोबर रानवाट चालायची तर अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, खड्यांमध्ये मोजा. दोन पावलं पुढे, एक खडा, तो तोंडात, तो बाहेर काढा, चार पावलं मागे, कारण पहिला खडा जास्त चांगला होता. शेजारून जाणारी म्हातारी जोडपी कौतुकानं म्हणतील, हे दिवस भुर्रकन उडून जातात. त्यांना नम्रपणे विचारा, नक्की केव्हा?

एका गोष्टीत मात्र थट्टा नको. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी दिसली तर ती विषारी आहे आणि शेंडेफळानं ती तुमच्या आधी पाहिलेली आहे. हात धरा. हां, आता पुढे.

वाटेत मधलीनं विचारलं, पान पडताना झाडाला दुखतं का? मी तयारच होतो. देठाचा पापुद्रा, नायट्रोजन, सगळं व्यवस्थित समजावलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं, खाली पडलेलं एक पान उचललं आणि हाताला येईल त्या फांदीला ते परत लावायला लागली. लागेना. मग तिनं बॅगेतून जखमेवर लावायची पट्टी मागितली. बॅगेत आठ मोजे, चार टोप्या, तीन पाण्याच्या बाटल्या आणि माझा मूत्राशयाचा तक्ता होता. पट्ट्या घरी राहिल्या होत्या. यावर झालेलं रडणं परतीच्या वळणापर्यंत चाललं, आणि खरं सांगायचं तर तिची बाजू बरोबर होती. पट्ट्या घ्या.

परतायची वेळ तुम्ही ठरवायची नसते, उजेड ठरवतो. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस आणि रात्र सारखे होतात आणि मग उत्तरेकडे दिवस रोज थोडाथोडा कातरला जातो. मुलं गाडीपाशी येऊन 'आता खरं खेळू या' म्हणायला आणि अंधार पडायला एकच गाठ पडते. शेंडेफळाच्या वयाला २४ तासांत ११ ते १४ तासांची झोप लागते, दुपारची धरून. आज दुपारची तुम्ही दिली नाहीत. ती ते वसूल करणार, पण गाडीत बसल्या बसल्या नाही. आख्खा रस्ता ते उभं राहायचा प्रयत्न करत किंचाळेल आणि घर दहा मिनिटांवर आलं की गाढ झोपेल. त्याला उचललंत तर जागं होईल आणि रात्री एकपर्यंत जागेल. नाही उचललंत तर तुम्ही गाडीत झोपा. मी दुसरा पर्याय घेतो. सीट मागे होते, आणि आत फक्त एकच मूल असतं.

सोमवारी शाळेत थोरलीला सहलीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या. नऊ ओळी हात वाळवायच्या यंत्रावर होत्या. दहावी अशी होती: 'तिथे झाडे पण होती.'

राहता राहिल्या आठवणी म्हणून आणायच्या वस्तू. 'प्रत्येकानं एकच काहीतरी घ्यायचं' असा नियम करा आणि घरी आल्यावर खिसे तपासू नका, नियम पाळला गेल्याचं समाधान टिकतं. मधल्यानं ओकच्या झाडाखालची ती टोपीवाली फळं आणली होती, मूठभर, आणि बरणीत घालून कपाटात माझ्या शर्टांशेजारी ठेवली होती. लांब सोंडेचा एक भुंगा असतो. त्याची मादी झाडावरच्या कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. फळ खाली पडलं की आतली पोसलेली अळी गोल छिद्र कोरून बाहेर येते आणि जमिनीत शिरते. ही फळं आधी पाण्यात टाकून बघायची असतात, पोखरलेली बहुधा तरंगतात. हे मला आता माहीत आहे.

तीन अळ्या निघाल्या. पांढऱ्या, गुबगुबीत, बरणीच्या तळाशी माती शोधत होत्या. मी बरणी खिडकीबाहेर रिकामी करायला निघालो तर चौघंही दारात आडवी उभी राहिली. सहाच्या सहा जोड्यांचं एकमत मी पहिल्यांदाच बघत होतो. अळ्यांना नावं ठेवून झालेली होती. थोरलीनं वाचून काढलं होतं की त्या जमिनीखाली वर्ष-दोन वर्षं राहतात, कधी त्याहून जास्त, आणि मग त्यांचे भुंगे होतात. मधलीचं म्हणणं, त्यांना त्यांच्या झाडाखालीच सोडायला हवं, नाहीतर त्यांची आई शोधत बसेल. मधल्यानं त्यांना जाताना यंत्रही दाखवायचं कबूल केलंय.

या रविवारी निघतोय. नऊला.